न मिटणारे फॉर्म

तो प्रोग्रॅम मी लिहिलेला नव्हता. हे आधीच सांगून टाकते, कारण ही हकीकत मी रंगात येऊन सांगत असताना ऐकणाऱ्यांत एखादा संगणकवाला निघतोच आणि मध्येच विचारतो, "पण असा प्रोग्रॅम कोणी लिहिलाच कसा?" लिहिला एका पुण्याच्या मुलाने. लिहून दिला, बिदागी घेतली, दोन वाट्या श्रीखंड खाल्लं आणि बंगलोरला नोकरीवर निघून गेला. मागे राहिले मी.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. धंतोलीत एका बंगल्याच्या गॅरेजमध्ये संगणकाचा क्लास चालायचा आणि मी तिथे शिकवायची. चपला बाहेर काढून, जाड पडदा सारून आत जायचं. आत एसी. यंत्राला एसी लागतो यावर सगळ्या नागपूरचा विश्वास होता. माणसाला लागतो असं मात्र मे महिन्यातही कोणी म्हणत नसे. अशा त्या गारव्यात एक दिवस एक ठेंगणी बाई आली, खुर्चीवर बसली, पदराने घाम टिपत म्हणाली, "इथे ते कंप्युटरवाली पोरगी कोण आहे?"

मी म्हणाले, "मीच."

"चाल मग. माह्यं यंत्र मरून राह्यलं."

त्या मावशी. सगळं गाव त्यांना मावशीच म्हणायचं. सीताबर्डीच्या मागच्या गल्लीत एका खोलीत त्या आपल्या समाजाचं वधूवर सूचक मंडळ चालवायच्या. यजमान गेल्यापासून हेच त्यांचं काम आणि हाच त्यांचा थाट. संगणक हट्टाने त्यांनीच आणवला होता. मंडळाचे अध्यक्ष म्हणजे त्यांचे धाकटे दीर. मावशी त्यांना भाऊजी म्हणत, म्हणून सगळेच भाऊजी म्हणत. भाऊजींनी यंत्राला परवानगी दिली होती, पण अट घालून. दिवाळीनंतरच्या परिचय मेळाव्यात हे यंत्र दिवसभर चाललं, तर मंडळ वहिनींकडे राहील. मध्येच बंद पडलं, तर मंडळ भाऊजींच्या घरी जाईल आणि वहिनींनी आता आराम करावा.

"आराम म्हणजे काय असते, तुले माहीत आहे का वं?" रिक्षात मावशींनी मला विचारलं. "लेकाच्या घरी बसून वांगे चिरत राहणं. अन् सून म्हणणार, राहू द्या आई, जाड चिरले तुम्ही."

मेळावा पंधरवड्यावर आला होता.

खोलीत जाऊन मी यंत्र सुरू केलं. हिरव्या अक्षरांचा काळा पडदा. मराठी तेव्हा यंत्राला येत नव्हती, म्हणून सगळी माहिती मराठीतली पण रोमन अक्षरांत. प्रोग्रॅममध्ये दोन मुख्य फॉर्म होते. एक मुलीचा, एक मुलाचा. नाव, उंची, शिक्षण, रंग, मामेकूळ, स्वभाव. मुलीच्या फॉर्मवरून एक बटण दाबलं की मुलाचा फॉर्म समोर यायचा, आणि तेच बटण पुन्हा दाबलं की मुलीचा. मी बटण दाबत गेले. मुलगी, मुलगा, मुलगी, मुलगा, मुलगी. आणि अचानक यंत्राने एक कर्कश शीळ घातली, इंग्रजीत एक ओळ लिहिली आणि सगळं पुसून टाकलं.

"पाह्यलं?" मावशी म्हणाल्या. "मेलं."

मी आतला प्रोग्रॅम उघडून वाचला आणि कपाळावर हात मारून घेतला. साधी गोष्ट असते. एका फॉर्मवरून दुसऱ्यावर गेलात की परत येताना दुसरा मिटवायचा. खाली पहिला असतोच. त्या पुण्याच्या मुलाने मिटवण्याची सोयच ठेवली नव्हती. परत जायचं म्हटलं की तो पहिलाच फॉर्म नव्याने उघडून दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवायचा. मग त्याच्यावर दुसरा, पुन्हा पहिला. एकावर एक अशी चळत चढत जायची, आणि यंत्राची कुवत संपली की सगळी चळत घेऊन ते कोसळायचं.

"मावशी, हा फॉर्म मिटवायला हवा."

"नाही."

"म्हणजे मुलाचा पाहून झाला की मिटवायचा आणि मग..."

"ऐकलं मी. नाही म्हटलं ना."

आणि मग मला कळलं की त्या बिचाऱ्या पुण्याच्या मुलाला मी उगाच शिव्या देत होते. मावशींचं काम पूर्वी कार्डांवर चालायचं, बिस्किटांच्या दोन पत्र्याच्या डब्यांतून. मुलीकडचे आले की मुलीचं कार्ड टेबलावर, त्यावर एका मुलाचं, ते पसंत नसलं तरी तसंच ठेवून त्यावर दुसऱ्याचं. पाहुण्यांचा चहा होऊन ते दाराबाहेर जाईपर्यंत एकही कार्ड डब्यात परत जायचं नाही. पाहुण्यांच्या देखत कार्ड डब्यात टाकणं म्हणजे नकार. तोंडावर नकार. त्यांच्या समाजात तोंडावर नकार देत नसत. आठ दिवस गप्प बसायचं, मग कोणाकरवी निरोप पाठवायचा की पत्रिका जमत नाही. पत्रिका न पाहिलेल्यांचीही पत्रिकाच जमायची नाही.

हीच रीत त्यांनी त्या मुलाकडून यंत्रात बसवून घेतली होती. काहीही झालं तरी फॉर्म मिटायला नको.

"अहो मावशी, कार्ड वेगळं, फॉर्म वेगळा. हा नुसता पडदा आहे."

"लोक पडदाच पाहतात ना?"

"पण यंत्राला इतके उघडे फॉर्म सांभाळता येत नाहीत."

"मले तर तीस वर्षं सांभाळता आले. अन् टेबल तं इतकुसा होता."

मी दोन दिवस डोकं आपटलं. त्यांना चित्र काढून दाखवलं. ताटांची चळत रचून दाखवली. त्यांनी ताटं उचलून घासायला टाकली. शेवटी मी वैतागून गेले आणि वैतागलेल्या माणसाला सुचतं ते केलं: दिसायला सगळं तसंच ठेवलं आणि आतून बदललं. आता पडद्यावर काहीच मिटताना दिसत नसे. पण नवा फॉर्म येण्याआधी यंत्र जुना गुपचूप बाजूला करी, आणि पडद्यावर मुलगी कोणती होती आणि मुलगा कोणता, तेवढं लक्षात ठेवी. परत फिरलात की तीच माणसं नव्याने मांडून दाखवी. मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत तेच बटण दाबत बसले. मुलगी, मुलगा, मुलगी, मुलगा. बोट सुजलं, पण शीळ वाजली नाही.

मावशी खूश. "पाय, न मिटवता जमलं ना? उगाच माह्याशी भांडत होती."



एक गोष्ट मात्र मी ठेवलीच. ज्या फॉर्ममधून बाहेर पडता येत नाही असा फॉर्म तसाच सोडून द्यायला माझं मन घेईना. डाव्या कोपऱ्यातलं एस्केपचं बटण दाबलं की समोरच्या मुलाचा फॉर्म सरळ मिटेल, मुलीचा दिसेल आणि त्याखाली एक ओळ येईल: 'पुढचं स्थळ?'

"हे कायले?" मावशींनी विचारलं.

"एखाद्याला मुलगा पसंत नसेल तर."

"मेळाव्यात कोणी नापसंत करत नाही." त्यांनी पर्समधून औषधाची चिकटपट्टी काढली, दाताने तुकडा तोडला आणि त्या बटणावर घट्ट बसवली.

मेळावा एका मंगल कार्यालयात होता. सकाळी सातपासून तर्री-पोह्यांचा वास आणि नवऱ्या मुलांच्या अंगावरच्या सेंटचा वास एकमेकांत मिसळून हवेत नुसता गोंधळ. संगणक स्टेजवर, टेबलाला जरीचं कापड, यंत्राला हळदकुंकू आणि झेंडूचा हार. हार मी दोनदा काढला आणि दोनदा कोणीतरी पुन्हा घातला. झेंडूच्या पाकळ्या कीबोर्डच्या फटींत जाऊन बसत होत्या आणि मी केसांच्या पिनेने त्या उकरून काढत होते. शेजारी व्होल्टेजचा डबा घूं घूं करत होता.

पडदा एवढासा, मागच्या रांगांना काय दिसणार? त्यावर भाऊजींनी उपाय काढला. यंत्रावर जे दिसेल ते स्वतः माइकवरून वाचणार. सुरुवातीलाच त्यांनी मावशींना घातलेली अटही माइकवरून सगळ्यांना ऐकवली. भाऊजींचा आवाज खणखणीत, आणि माइक हातात आला की तो परत घेणं कोणाच्या बापाला जमत नसे. ते नुसतं वाचत नव्हते. "उंची पाच फूट सात इंच, म्हणजे आपल्या दाराच्या चौकटीतून ऐटीत जाईल! शिक्षण बीए, तेही पहिल्या प्रयत्नात! स्वभाव... शांत." स्वभावाच्या रकान्यात यंत्रातला प्रत्येक मुलगा शांत होता. एवढी शांतता नागपुरात असती तर मला रोज गाढ झोप लागली असती.

दर थोड्या वेळाने भाऊजी माइक खाली करून मावशींकडे पाहत. "चालू आहे ना, वहिनी?"

"चालूच आहे, भाऊजी."

"नाही, सहज विचारलं. दिवस मोठा आहे."

मावशी पहिल्या रांगेत बसल्या होत्या. पोह्यांची प्लेट मांडीवर तशीच निवून गेली होती.

जेवणाआधी काटोलचे मामा आले. संत्र्याचे बागाईतदार; एका हातात संत्र्यांची पिशवी, दुसऱ्या हाताने भाचीला पुढे घातलेलं. भाची शाळेत शिकवत होती, शांत चेहऱ्याची, चष्मा लावलेली. मामांनी पिशवी माझ्या पायाशी ठेवली आणि खुर्ची ओढून पडद्यासमोरच बसले. भाची त्यांच्या मागे उभी.

"दाखव बाई आमची पोट्टी."

मी मुलीचा फॉर्म उघडला.

"उंची पाच-एक? कोणी लिहिलं? पाच-दोन आहे. बरं, आता मुलगा दाखव."

मी मुलगा दाखवला. मामांनी खाली वाकून वाचला. "आता पोट्टी दाखव." दाखवली. "आता दुसरा मुलगा." दाखवला. "आता पहिला." "आता पोट्टी." "पोट्टीच्या शेजारी मुलगा नाही दाखवता येत का?"

"नाही हो मामा, एका वेळी एकच."

"मग दाखव ना बदलून बदलून. मी वरचं फळ पाहून ढीग घेत नाही. खालून काढून पाहतो."

स्टेजखाली रांग लागली. मामा खालून काढून पाहत होते. मी मनात पुण्याच्या मुलाला, झेंडूला, मामांना आणि संत्र्यांनाही काय काय म्हणत होते, आणि माझं सुजलेलं बोट बटणावर नाचत होतं. मुलगी, मुलगा, मुलगी, मुलगा. पहिल्या रांगेतून मावशी माझ्याकडे अशा पाहत होत्या, जणू मी त्यांचं नातवंड गच्चीच्या कठड्यावर उभं केलंय. पण यंत्र चाललं.

तेवढ्यात भाऊजी पुढे झाले. "मामासाहेब, एक स्थळ मी सुचवतो." आणि मला एक क्रमांक सांगितला. मी तो उघडला. मुलगा म्हणजे भाऊजींचे स्वतःचे चिरंजीव. स्वतः चिरंजीव खाली तिसऱ्या रांगेत, कोटात, घामाघूम.

भाऊजींनी तो फॉर्म माइकवरून असा वाचला की मला वाटलं आता शेवटी आरती होईल. मामा माना डोलवू लागले. "सरकारी कचेरी? वा. घर स्वतःचं? वा वा."

"पुन्हा एकदा ऐका," भाऊजी म्हणाले आणि पुन्हा वाचलं.

मामांनी मागे वळून भाचीला विचारलंही नाही. "जमते हो, जमते! आता पोट्टी दाखव बाई. आता पुन्हा मुलगा दाखव."

भाऊजींनी माइक तोंडाशी नेला. तिसऱ्यांदा.

भाची माझ्याजवळ वाकली. "ताई, या पट्टीखाली काय आहे?"

काय सांगणार? विचारलं तर सांगायला नको का? "फॉर्म मिटवायचं बटण," मी म्हणाले. आणि खरं सांगते, अगदी साध्या चेहऱ्याने म्हणाले.

तिने पट्टी काढली नाही. पट्टीवरूनच बोट टेकवलं.

फॉर्म मिटला. भाऊजी ओघात होते. डोळे पडद्यावर, तोंड माइकवर. "...घराणं नामांकित, स्वभाव शांत, आणि... पुढचं स्थळ?"

माइकवरून, सगळ्या कार्यालयाला, भाऊजींनी आपल्या मुलाच्या नावापुढे विचारलं: पुढचं स्थळ?

मग मागच्या रांगेतून कोणी तरी फुस्सकन हसलं, आणि मग हसू रांगारांगांनी पुढे सरकत आलं. चिरंजीवांनी मान खाली घातली. भाऊजींचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल, आणि मग त्यांना वाट सापडली.

"यंत्र बिघडलं," ते माइकवरून म्हणाले. "मंडळी, यंत्र बिघडलं आहे. वहिनी, मी म्हटलं होतं. सर्वांसमोर म्हटलं होतं."

मावशी उठल्या. प्लेट खुर्चीवर ठेवली. स्टेजच्या तीन पायऱ्या चढायला त्यांना एवढा वेळ लागला की हसणारेही थांबले. त्यांनी पडद्याकडे पाहिलं. भाचीचा फॉर्म तिथे होता आणि खाली ती ओळ.

"काय झालं वं?" त्यांनी मला हळूच विचारलं.

"काही बिघडलं नाही, मावशी. यांनी मिटवला."

मावशींनी भाचीकडे पाहिलं. "काहून?"

"तिसऱ्यांदा वाचून राहिले होते," ती म्हणाली. "मले कोणी एकदाही विचारलं नाही."

आता मला कळत होतं की मावशींच्या डोक्यात काय चाललंय. यंत्र बिघडलं म्हटलं, तर भाऊजींची अब्रू राहते, मुलाची राहते, तीस वर्षांची रीतही राहते. जातं फक्त मंडळ. खरं सांगितलं तर मंडळ राहतं, पण घरच्याच मुलाला चारशे माणसांसमोर तोंडावर नकार, आणि तोही स्वतःच्या तोंडून. मावशींनी आयुष्यात कोणाला तोंडावर नकार दिला नव्हता. भाजीवाल्यालासुद्धा "उद्या पाहू" म्हणत.

त्यांनी भाऊजींच्या हातातून माइक घेतला. जो घेणं कोणाच्या बापाला जमत नव्हतं, तो घेतला.

"यंत्र चांगलं आहे," त्या म्हणाल्या. आवाज कापत होता, पण माइकमुळे कापरा आवाजही शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "पोट्टीनं नाही म्हटलं."

"वहिनी," भाऊजी कुजबुजले, "आपल्या घरचा मुलगा आहे."

"म्हणूनच सांगून राह्यली, भाऊजी. दुसऱ्याचा असता तं पत्रिका जमत नाही म्हटलं असतं."

हे माइकवरच गेलं. यावर जे हसू फुटलं त्यात तिसऱ्या रांगेतले चिरंजीवही होते; मी पाहिलं. त्यांनी कोट काढून मांडीवर घेतला आणि कितीतरी वेळाने मोकळा श्वास सोडला. मामा मात्र खुर्चीतून अर्धे उठून भाचीवर खेकसायच्या बेतात होते. मग त्यांनी आजूबाजूला पाहिलं, बसले, आणि मला म्हणाले, "मले तरी कुठं पटत होता? मुलगा शांत म्हणते, अन् बाप केवढा बोलते! दाखव, पुढचा दाखव."

मी पुढचा दाखवला.

त्यानंतरचं विचारू नका. जेवणानंतर ज्या मुली स्टेजवर आल्या त्या सगळ्यांना बटण स्वतः दाबायचं होतं. आया मागून पदर ओढत होत्या, "अवं, इतक्यात मिटवू नको, वाच तं पूर्ण!" एक मुलगा आला, त्यालाही मुलींचे फॉर्म मिटवायचे होते, तशी सोय प्रोग्रॅममध्ये नव्हती आणि ती का नाही यावर त्याने माझ्याशी समानतेचा वाद घातला. चिकटपट्टी निघाली, बटणावर तिचा डिंक राहिला, डिंकावर झेंडूची पाकळी बसली. मुलगी, मुलगा, मिटव. मुलगी, मुलगा, मुलगी, मिटव. माझी पाठ मोडली, घसा बसला, संत्री कोणी खाल्ली कळलं नाही. पण दिवे लागले तरी यंत्र चालूच होतं.

समारोपाला माइक भाऊजींकडे परत गेला. अध्यक्षांना बोलावंच लागतं. त्यांनी मान्यवरांचे आभार मानले, मंडपवाल्याचे मानले, आचाऱ्याचे मानले. मग थांबले. सगळं कार्यालय त्यांच्याकडे पाहत होतं, कारण सकाळी अट त्यांनीच सगळ्यांना ऐकवली होती.

"यंत्र... चाललं," ते म्हणाले. "मंडळाचं काम वहिनीच पाहतील."

टाळ्या पडल्या. मावशींनी निवलेले पोहे तेव्हा खाल्ले.

मला वाटलं, सुटले. कुठली सुटका! सोमवारी सकाळी मावशींचा माणूस क्लासच्या पडद्याशी हजर: मुलांनाही मिटवायचं बटण हवं, आजच्या आज. मी गेले. खोलीत बाकावर दाटीवाटीने माणसं बसलेली, आणि दारात भाऊजी उभे. हातात चिरंजीवांचा नवा फोटो, या वेळी बिनकोटाचा.

"वहिनी, माझं जरा पटकन पाहता का? मला बँकेत जायचंय."

मावशींनी मान वर केली नाही. त्या एका मुलीच्या आईशी बोलत होत्या. "बसा, भाऊजी. तीन घरं पुढं आहेत. चहा येऊन राह्यला."

भाऊजींनी खोलीभर नजर फिरवली. बाकावरची एक बाई जरा सरकली. अध्यक्षांनी चपला दाराबाहेर नीट जोडून ठेवल्या, फोटो मांडीवर घेतला आणि बसले.